चेन्नईच्या बातम्यांत काय नसतं

मराठी वर्तमानपत्रांचे कान चेन्नईच्या सोनारानं टोचले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी काढत नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये विधानसभेची निवडणूक होती आणि मुख्यमंत्री अशोक चव्हाण नांदेड जिल्ह्यातल्या भोकरमधून उभे होते. ‘लोकमत’, ‘महाराष्ट्र टाइम्स’ आणि ‘पुढारी’ ही तीन दैनिकं एरवी एकमेकांचे वाचक पळवायला टपलेली. त्या महिन्यात मात्र त्यांच्यात चव्हाणांची थोरवी सांगणारा एकच मजकूर जवळजवळ शब्दशः छापून आला. ‘जाहिरात’ हा शब्द कुठेही नव्हता. ‘अशोकपर्व’ गाणाऱ्या पुरवण्या निघाल्या त्या वेगळ्याच. पी. साईनाथ तेव्हा ‘द हिंदू’चे ग्रामीण घडामोडींचे संपादक होते आणि मुंबईत राहत होते. त्यांनी ही कात्रणं शेजारी शेजारी ठेवली. ३० नोव्हेंबरला त्यांचा लेख चेन्नईहून निघणाऱ्या त्या इंग्रजी दैनिकात आला, तेव्हा मराठी वाचकाला कळलं की आपण सकाळी चहाबरोबर काय वाचत होतो. चव्हाणांनी निवडणूक आयोगाला दिलेल्या हिशेबात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये.

चव्हाणांनी आणि दैनिकांनी पैशाच्या देवाणघेवाणीचा इन्कार केला. आयोगानं हिशेब चुकीचा ठरवला, पण सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं आयोगाचा आदेश रद्द केला. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात काही सिद्ध झालं नाही. मधल्या काळात प्रेस कौन्सिलनं परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांना देशभरातल्या ‘पेड न्यूज’चा तपास करायला सांगितलं होतं. त्यांचा अहवाल ७१ पानांचा, नावानिशी. जुलै २०१० मध्ये कौन्सिलनं प्रसिद्ध केला तो त्याचा डझनभर पानांचा, नावं काढून टाकलेला अर्क. कौन्सिलवर वृत्तपत्रांच्या मालकांचेही प्रतिनिधी बसतात, हे इथे लक्षात घ्यावं. पूर्ण अहवाल लोकांसमोर यायला माहिती आयोगाला २०११ मध्ये आदेश काढावा लागला.

या प्रकरणात मला सर्वांत शिकण्यासारखी वाटते ती साईनाथांची पद्धत. गुप्त कागद नाही, छुपा कॅमेरा नाही. टेबलावर तीन कात्रणं. पक्षपात असाच सापडतो, दोन प्रती शेजारी ठेवल्या की. पण त्याच टेबलावरून एक प्रकार सुटतो. जे तिन्ही दैनिकांत आलंच नाही, ते कात्रणांत दिसणार कसं? हा फरक समजून घ्यायला चेन्नईसारखी शाळा नाही. तिथली माध्यमं आपला रंग लपवत नाहीत, त्यामुळे पक्षपात झटपट ओळखू येतो आणि उरलेलं लक्ष गाळलेल्या गोष्टींकडे देता येतं.

‘द हिंदू’चा जन्मच मुळी दुसऱ्याच्या पक्षपातातून झाला. मद्रास उच्च न्यायालयावर टी. मुथुस्वामी अय्यर या हिंदी माणसाची न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली, तेव्हा शहरातल्या गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांनी तिच्यावर झोड उठवली. उत्तर द्यायला आपलं पत्र नाही, म्हणून दोन शिक्षक आणि कायद्याचे चार विद्यार्थी एकत्र आले. पावणेदोन रुपये उसने घेऊन २० सप्टेंबर १८७८ रोजी त्यांनी साप्ताहिकाच्या ८० प्रती काढल्या. त्या सहांतले जी. सुब्रमणिया अय्यर यांनी पुढे १८८२ मध्ये तमिळ ‘स्वदेशमित्रन’ सुरू केलं. आपल्या ‘केसरी’च्या मागेपुढेच हे सगळं घडत होतं.

पण गोऱ्यांनी काय गाळलं ते ज्यांना अचूक दिसलं, त्यांच्या स्वतःच्या पानांवर कोण नव्हतं? १८९३ मध्ये मद्रासमध्येच रेट्टमलै श्रीनिवासन यांनी ‘परैयन’ काढलं. ज्या जातीचं नाव शिवीसारखं वापरलं जायचं, तेच त्यांनी शीर्षस्थानी छापलं. १९०७ मध्ये अयोतीदास पंडितांनी रायपेट्टाहून ‘ओरु पैसा तमिळन’ सुरू केलं, किंमत अर्थात एक पैसा. राष्ट्रीय वृत्तपत्रांत अस्पृश्यांच्या प्रश्नांना जागा असती तर ही दोन्ही पत्रं निघाली नसती. आपल्याकडे ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ आला, तेव्हा त्याची पैसे देऊन छापायची जाहिरातही ‘केसरी’नं नाकारली, हे आंबेडकरी वाचकांना पाठ असतं, इतरांना बहुधा नसतं, आणि त्याचंही कारण तेच आहे. २००६ मध्ये अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतल्या ३७ हिंदी-इंग्रजी माध्यमांतल्या ३१५ वरिष्ठ पदांची पाहणी केली. त्यांत एकही दलित किंवा आदिवासी सापडला नाही. बातमी निवडणारे सगळे एकाच आळीतले असले की काही मुद्दाम वगळावं लागतच नाही.

तमिळनाडूत पक्ष आणि पत्र यांची गाठ जुनी आहे. १९१७ मध्ये ‘जस्टिस’ नावाचं दैनिक निघालं आणि पक्षालाच लोक त्या नावानं ओळखू लागले. करुणानिधींनी १९४२ मध्ये ‘मुरसोली’ सुरू केलं, ते द्रमुक स्थापन होण्याच्याही आधी. म्हणून १४ एप्रिल १९९३ ला कलानिधी मारन यांची सन टीव्ही सुरू झाली आणि बरीच वर्षं तिचा कारभार तेनामपेटमधल्या अण्णा अरिवालयम या द्रमुकच्या मुख्यालयातून चालला, तेव्हा चेन्नईकरांना त्यात वावगं वाटलं नाही. १९९९ मध्ये अण्णाद्रमुकची जया टीव्ही आली. नंतर पट्टाळी मक्कळ कच्चीची मक्कळ टीव्ही, विजयकांत यांची कॅप्टन टीव्ही. प्रत्येक पक्षाला ध्वज, चिन्ह आणि वाहिनी असते अशी जणू रीतच पडली.

या रीतीची परीक्षा झाली ३० जून २००१ च्या पहाटे. जयललिता नुकत्याच सत्तेवर आल्या होत्या. उड्डाणपुलांच्या कंत्राटांतल्या कथित गैरव्यवहारावरून पोलीस मध्यरात्रीनंतर करुणानिधींच्या घरात शिरले. सत्त्याहत्तर वर्षांच्या माजी मुख्यमंत्र्याला पोलीस ओढत नेताहेत आणि तो कळवळून ओरडतोय, ही दृश्यं सन टीव्हीनं दिवसभर दाखवली. देश हादरला. थोड्याच वेळात जया टीव्हीवर त्याच रात्रीची दुसरी चित्रफीत आली. तिच्यात केंद्रीय मंत्री मुरसोली मारन आणि टी. आर. बालू पोलिसांशी धक्काबुक्की करताना दिसत होते. दोन्ही फिती खऱ्या. कुणीही खोटं चित्र तयार केलं नव्हतं. सनवर धक्काबुक्की नव्हती आणि जयावर म्हाताऱ्याची ओढाताण नव्हती, एवढंच. दिल्लीच्या वाहिन्यांनी आधी सनची दृश्यं उचलली. केंद्रानं राज्यपाल फातिमा बीवी यांना परत बोलावण्याचा निर्णय घेतला आणि त्यांनी राजीनामा दिला. चेन्नईतल्या माणसाला रिमोटचं एक बटण दाबून दुसरी बाजू पाहता येत होती. पुण्यात किंवा पाटण्यात बसलेल्याला सुरुवातीला एकच रात्र दिसली.

म्हणून मला उघड पक्षाची वाहिनी फारशी धोक्याची वाटत नाही. ‘आपला तो बाब्या’ हा न्याय तिथे पडद्याच्या कोपऱ्यातल्या बोधचिन्हातच लिहिलेला असतो. प्रेक्षक तेवढी वजाबाकी करूनच बघतो. खरी गोम वायरीत होती. चेन्नईच्या घराघरांत केबल पुरवणारी सुमंगली केबल व्हिजन ही कंपनीसुद्धा मारन कुटुंबाचीच. वाहिनी बंद करण्याची गरजही नसते. तिला अशा क्रमांकावर ढकलायचं की जुन्या टीव्हीवर ती मुंग्यांसारखी दिसेल. बातमी गाळण्याचा हा प्रकार कुठल्याच संपादकाच्या सहीनं होत नाही.

मग करुणानिधी आणि त्यांचे नातलग मारन यांच्या घरातच फाटलं. ‘दिनकरन’ हे दैनिक २००५ मध्ये मारन यांच्या ताब्यात आलं होतं. मे २००७ मध्ये त्यात करुणानिधींचा वारस कोण या विषयावरचा जनमताचा कौल छापून आला. स्टॅलिन फार पुढे, थोरले बंधू अळगिरी तळाला. ९ मे रोजी मदुराईच्या ‘दिनकरन’ कचेरीवर जमाव चालून गेला. जाळपोळीत तीन कर्मचारी मेले. दयानिधी मारन यांचं केंद्रीय मंत्रिपद गेलं, सन टीव्हीनं अरिवालयम सोडलं आणि १५ सप्टेंबरला करुणानिधी कुटुंबाची कलैञर टीव्ही सुरू झाली. तोवर द्रमुक सरकारचं गुणगान करणाऱ्या सनला आता त्याच सरकारच्या उणिवा दिसू लागल्या. राज्य सरकारनं स्वतःची अरसू केबल कंपनी काढली. २००८ च्या अखेरीस घराण्यात दिलजमाई झाली, आणि दोन्ही गोष्टी मंदावल्या. मदुराईच्या खटल्यात कनिष्ठ न्यायालयानं सगळ्यांना सोडलं. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठानं नऊ जणांना जन्मठेप दिली ती २०१९ मध्ये. मधल्या दहा वर्षांत ही बातमी किती ठिकाणी जिवंत होती, हे शोधणं माध्यमांच्या अभ्यासकाला उत्तम काम आहे.

चांगल्या म्हणवणाऱ्या दैनिकातही मालकाच्या घरापाशी येऊन बातमी अडते. बोफोर्स प्रकरणात ‘द हिंदू’नं केलेलं काम भारतीय पत्रकारितेतलं मानाचं पान आहे. चित्रा सुब्रमण्यम यांनी जिनिव्हाहून कागदपत्रं मिळवली, एन. राम यांनी चेन्नईत ती लावून धरली. ऑक्टोबर १९८९ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, संपादक जी. कस्तुरी यांनी मालिकेचा पुढचा भाग थांबवला. राम आणि कस्तुरी दोघेही मालक कुटुंबातलेच. राम यांनी जाहीरपणे आक्षेप घेतला आणि चित्रा ‘इंडियन एक्स्प्रेस’कडे गेल्या, म्हणून आपल्याला हे कळलं. अशा किती बातम्या कुणी राजीनामा न देता थांबल्या असतील! २०१२ मध्ये सिद्धार्थ वरदराजन हे कुटुंबाबाहेरचे संपादक आले. २०१३ मध्ये कुटुंबानं सूत्रं परत घेतली.

एडवर्ड हर्मन आणि नोम चॉम्स्की यांनी १९८८ मध्ये अमेरिकी माध्यमांबद्दल मांडलं होतं की बातमी पाच गाळण्यांतून जाते: मालकी, जाहिरात, सरकारी आणि तज्ज्ञ सूत्रं, दटावणी आणि विचारसरणी. कॅलिफोर्नियातल्या सोनोमा स्टेट विद्यापीठात १९७६ मध्ये सुरू झालेला ‘प्रोजेक्ट सेन्सॉर्ड’ दर वर्षी दुर्लक्षित बातम्यांची यादीच काढतो. चॉम्स्कींची मांडणी चेन्नईत थोडी शिवून घ्यावी लागते. तिथे मालकी आणि पक्ष एकाच घरात राहतात आणि दटावणी ही फार मोठी गाळणी आहे.

दटावणीचे दाखले भरपूर. ‘आनंद विकटन’च्या मुखपृष्ठावर आमदार-मंत्र्यांना पाकीटमार आणि दरोडेखोर ठरवणारा विनोद आला, तर एप्रिल १९८७ मध्ये संपादक एस. बालसुब्रमणियन यांना विधानसभेनं तीन महिन्यांच्या कैदेवर पाठवलं. ओरड झाल्यावर सोडलं. नोव्हेंबर २००३ मध्ये एका अग्रलेखावरून ‘द हिंदू’च्या संपादकांना पंधरा दिवसांची शिक्षा ठोठावली, ती सर्वोच्च न्यायालयानं रोखली. जयललिता सरकारनं पाच वर्षांत अब्रुनुकसानीचे २१३ खटले भरले, त्यांतले ५५ माध्यमांवर, हा आकडा २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांवरच्या व्यंगचित्रावरून ‘विकटन’चं संकेतस्थळच अडवलं गेलं, मद्रास उच्च न्यायालयानं ते खुलं करायला सांगितलं, पण व्यंगचित्र उतरवण्याच्या अटीवर. पंचावन्न खटल्यांचा हिशेब करता येतो. छप्पन्नाव्या वार्ताहरानं टाइपच न केलेल्या ओळींचा येत नाही.

त्याच २०१६ मध्ये २२ सप्टेंबरला जयललिता अपोलो रुग्णालयात दाखल झाल्या आणि ७५ दिवस ग्रीम्स रोडवर कॅमेरे उभे राहिले. आत काय चाललंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. रुग्णालयाचं पत्रक यायचं, तेच वाचून दाखवलं जायचं, आणि अफवा पसरवल्याबद्दल पोलीस लोकांना पकडत होते. ५ डिसेंबरच्या संध्याकाळी काही तमिळ वाहिन्यांनी निधनाची बातमी देऊन टाकली. पक्ष कार्यालयावरचा झेंडा अर्ध्यावर आला, रुग्णालयानं इन्कार करताच पुन्हा वर गेला, आणि मध्यरात्रीच्या सुमारास अधिकृत घोषणा झाली. एकच सूत्र असलेल्या बातमीचं असंच होतं. आधी आडातच नसतं आणि मग पोहरा फुटतो.

जाहिरातीची गाळणी मात्र शांतपणे काम करते. १ डिसेंबर २०१५ च्या रात्री चेन्नई बुडाली. मरैमलै नगरच्या छापखान्यात कामगार पोचू शकले नाहीत आणि १८७८ पासून पहिल्यांदाच ‘द हिंदू’चा चेन्नईतला अंक छापला गेला नाही. दिल्लीच्या वाहिन्यांना दक्षिणेतलं पाणी गळ्यापर्यंत आल्याशिवाय दिसत नाही, ही तक्रार तेव्हा समाजमाध्यमांवर जोरात होती आणि रास्तही होती. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुराच्या आधीच्या वर्षांत काय छापलं जात होतं. ‘शंभर वर्षांतला सर्वांत मोठा पाऊस’ हे सगळ्यांनी लिहिलं. पळ्ळिकरणै दलदलीचा जेमतेम दहावा हिस्सा उरलाय, अडयार नदीच्या पूरक्षेत्रात इमारती आहेत, हेही चेन्नईच्या काही चांगल्या वार्ताहरांनी लिहिलं. पण पहिल्या पानावर ही बातमी आणि शनिवारच्या मालमत्ता पुरवणीत त्याच पट्ट्यातल्या गृहसंकुलांच्या रंगीत जाहिराती, हे दोन विभाग एकमेकांशी बोलत नाहीत. पुरवणीतला तो लेख बिल्डरच्या पत्रकावरून आलेला असतो. २०१८ मध्ये कॅगनं या पुराला मानवनिर्मित म्हटलं. २६ जुलै २००५ नंतर मिठी नदीबद्दल मुंबईत हेच झालं आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या जागांच्या जाहिराती काही थांबल्या नाहीत.

‘टाइम्स’ समूहानं तर हा संबंध कंपनीच्या कागदावर आणला. २००३ च्या सुमारास पैसे घेऊन पुरवण्यांत प्रसिद्धी देणारी ‘मीडियानेट’ आली; पुढे ‘प्रायव्हेट ट्रीटीज’, म्हणजे जाहिरातींच्या बदल्यात कंपन्यांचे समभाग. ज्या कंपनीत वर्तमानपत्राची गुंतवणूक, तिच्याबद्दलची बातमी वाचकानं कशी वाचायची? २०१० मध्ये सेबीला सांगावं लागलं की असे हितसंबंध बातमीसोबत जाहीर करा. तुमच्या दैनिकात अशी ओळ शेवटची कधी दिसली, ते आठवून पाहा.

बातमी कुठून सुरू केली, यातही बरंच गाळता येतं. २२ मे २०१८ ला तूत्तुकुडीत स्टरलाइटच्या तांबे प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनाचा शंभरावा दिवस होता. पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि तेरा माणसं मेली. देशभरच्या पडद्यांवर बातमी ‘हिंसक जमाव’ आणि ‘गोळीबार’ इथून सुरू झाली. आधीचे नव्व्याण्णव दिवस दिल्लीच्या स्टुडिओंत फारसे पोचलेच नव्हते. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याच कंपनीला प्रदूषणापोटी १०० कोटी रुपये भरायला लावले होते, हे काहींनी तळाशी लिहिलं. त्याच्याही मागे गेलं तर गोष्ट रत्नागिरीत पोचते. हा प्रकल्प मुळात तिथे यायचा होता. १९९२ मध्ये जमीन दिली गेली, काम सुरू झालं, हापूसच्या बागा आणि मासेमारी जाईल म्हणून १९९३ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, प्रशासनाला काम थांबवावं लागलं आणि कंपनी तमिळनाडूत गेली. ३० ऑक्टोबर १९९४ ला तूत्तुकुडीत कोनशिला बसली. रत्नागिरीचा हा परिच्छेद जोडला की तूत्तुकुडीचे लोक एकाएकी ‘विकासविरोधी’ वाटेनासे होतात. मराठी वर्तमानपत्रांकडे हा परिच्छेद स्वतःच्या जुन्या फायलींत पडला होता. गोळीबाराच्या आठवड्यात तो ठळकपणे पहिल्या पानावर असायला हवा होता.

गोळीबार झाला तेव्हाचे मुख्यमंत्री एडप्पाडी पळनिस्वामी म्हणाले होते की घटना आपल्याला दूरचित्रवाणीवरूनच कळली. न्या. अरुणा जगदीशन आयोगाचा अहवाल ऑक्टोबर २०२२ मध्ये विधानसभेत आला. त्यानं हे विधान खोडून काढलं. वरिष्ठ अधिकारी मुख्यमंत्र्यांना क्षणाक्षणाची माहिती देत होते. माध्यमांचा असाही उपयोग असतो, अज्ञानाचा दाखला म्हणून.

वाचकानं करायचं काय? ‘दिनमलर’ आणि ‘मुरसोली’, किंवा आपल्याकडे ‘सामना’ आणि ‘लोकसत्ता’, शेजारी ठेवले की पक्षपात दिसतो. गाळलेलं दिसायला मात्र वर्तमानपत्राबाहेरचा कागद लागतो: कॅगचा अहवाल, चौकशी आयोग, न्यायालयाचा निकाल, कंपनीच्या मालकीची नोंद. निकाल वाचावा आणि मग दुसऱ्या दिवशीच्या अंकात त्याचं काय झालं ते पाहावं. मालकी पाहणंही सोपं राहिलेलं नाही. २०१४ मध्ये रिलायन्सनं नेटवर्क १८ घेतलं, २०२२ च्या अखेरीस अदानी समूहानं एनडीटीव्ही. सनच्या बोधचिन्हात पक्षाचा सूर्य दिसतो तरी. बंदरं, वीज आणि दूरसंचार यांत गुंतलेल्या मालकाची वाहिनी कोणत्या बातमीवर कोणती वजाबाकी मागते, हे प्रेक्षकाला दर वेळी नव्यानं शोधावं लागतं.

आणि काही ठिकाणी शेजारी ठेवायला दुसरं कात्रणच नसतं, कारण सगळ्या मालकांचं हित एक असतं. पत्रकार आणि छापखान्यातल्या कामगारांच्या पगाराबद्दलच्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी केंद्रानं ११ नोव्हेंबर २०११ ला अधिसूचित केल्या. वृत्तपत्रांच्या कंपन्या न्यायालयात गेल्या. ७ फेब्रुवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं शिफारशी कायम ठेवल्या. त्यानंतर अंमलबजावणी होत नाही म्हणून देशभरचे कर्मचारी अवमान याचिका घेऊन पुन्हा त्याच न्यायालयात गेले आणि २०१७ मध्ये त्यांवर निकालही लागला. द्रमुकचं पत्र असो वा अण्णाद्रमुकचं, चेन्नईचं असो वा मुंबईचं, ऊस, एसटी आणि बँक कर्मचाऱ्यांच्या थकबाकीवर अग्रलेख लिहिणाऱ्या दैनिकांत ही बातमी शोधून पाहा. पत्रकार संघटनांच्या सूचनाफलकांवर ती सविस्तर मिळत होती.